भरवसा कोणावर, अन् किती रुपयांपर्यंत

घरी फोन केला की कोणी ना कोणी विचारतंच, लोकं कसे आहेत गं तिकडचे, चांगले आहेत ना. आता याचं एका वाक्यात काय उत्तर द्यायचं. माझं गाव वरुड तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, अन् सध्या मी जर्मनीत श्टुटगार्टला होहेनहाइमच्या विद्यापीठात शेतीचं शिकून राहिले. आल्याआल्या मी सगळ्यांना सांगायची की इथे लोक एकमेकांवर लय भरवसा ठेवतात. आता तेवढ्या जोरात सांगत नाही.

ट्रामचंच घ्या. स्टेशनवर गेट नाही, कंडक्टर नाही, ड्रायव्हर तुमच्याकडे पाहतही नाही, सरळ चढायचं अन् बसायचं. तिकीट काढलं की नाही हे तुमचं तुम्हाला माहीत. मग कधीतरी साध्या कपड्यातला एक माणूस उठून उभा राहतो अन् तिकीट मागतो, नसलं तर ६० युरो दंड, तिथे मग काकुळतीला येऊन काही होत नाही. म्हणजे भरवसा आहेच, पण त्याच्या मागे दंडुका पण आहे. एसटीत उलटं, कंडक्टर प्रत्येक सीटपर्यंत येणार, पैसे घेणार, तिकीट देणार, पण सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे पेनाने बाकी लिहून देणार अन् आपण ते तिकीट मुठीत धरून उतरेपर्यंत बसणार. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

कॉलेजच्या आजूबाजूला शेतं आहेत, तिथे रस्त्याच्या कडेला फुलांचे वावर असतात, सूर्यफूल, ग्लॅडिओलस, डेलिया, बाजूला पाटीवर भाव लिहिलेला, चाकू ठेवलेला, आपल्या हाताने कापायची अन् पेटीत पैसे टाकायचे. माणूस कोणी नाही. मी बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर बाबा बराच वेळ स्क्रीनकडे पाहतच राहिले.

"अन् राखण कोन करते मंग?"
"कोनी नाही बाबा."
"मंग ते फुलं रायतेच कसे?"

त्यांचं विचारणं बरोबरच आहे, आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री रंगावर आली की बागेत खाट पडते, रात्री बॅटरी घेऊन चक्कर होते, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला जाते तो ताप वेगळाच. मी बाबांना एवढंच म्हटलं की पेटी नीट पाहा, जाड लोखंडाची आहे, खाली सिमेंटमध्ये गाडलेली अन् वरून कुलूप. फुलं उघडी, पैसे बंद.

पण हेच लोक खोली द्यायची वेळ आली की वेगळेच होतात. शुफा नावाचा कागद लागतो, म्हणजे तुम्ही आजवर कोणाचं बिल बुडवलं का याची कुंडली, अन् नवीन आलेल्या माणसाची कुंडली असणार कुठून. वर डिपॉझिट, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. त्याच्याही आधी व्हिसासाठी खात्यात पैसे अडकवून ठेवावे लागतात, माझ्या वेळी ११,९०४ युरो होते, म्हणजे महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षभराचे, अन् आपलेच पैसे आपल्याला महिन्या महिन्याने मिळतात. रुपयात अकरा लाखांच्या आसपास. फुलाच्या दांडीपुरता माझ्यावर भरवसा आहे, पोट भरायच्या बाबतीत नाही!

आता ते अकरा लाख कसे उभे राहिले ते पाहा. थोडे बँकेचं शैक्षणिक कर्ज, बाकी बाबा मोटरसायकल घेऊन निघाले अन् मामाजी, मोठे बाबा, बाजूच्या गावचे एक काकाजी, असं करत जमवून आणले. काकाजींनी तर कपाटातून काढून दिले, मोजून घ्या म्हणाले, चहा पाजला, बस. कागद नाही, सही नाही, "पोरगी शिकून राहिली ना, झालं मंग." बागेचा सौदा पण असाच होतो, व्यापारी येतो, झाडावरचा माल उभ्या उभ्या पाहतो, इसार देतो, बाकी जबानावर. (भाव पडला की कधी कधी व्यापारी इसार सोडून गायब होतो, ते पण जबानावरच.) अन् त्याच आमच्या तालुक्याच्या गावी बँकेत स्लिप भरायला गेलं तर पाच रुपयांचा पेन सुतळीने टेबलाला बांधलेला असतो.

मी हे सांगून हसायची, तोवर इथल्या सुपरमार्केटच्या ट्रॉलीकडे लक्ष गेलं. सगळ्या ट्रॉल्या एकमेकींना साखळीने जोडलेल्या, एक युरोचं नाणं खाचेत टाकल्याशिवाय सुटत नाहीत, अन् परत लावली तरच नाणं परत. बाटलीवर पण २५ सेंट अडकवलेले, बाटली आणून द्या, पैसे घ्या. सायकलीला तर असं कुलूप की आमच्या गोडाऊनला नसेल. म्हणजे जर्मन माणूस जन्मानेच प्रामाणिक वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ते काही खरं नाही.

एका कोर्समध्ये राइफायझेनचं नाव आलं तेव्हा मी जरा सरसावून बसले. एकोणिसाव्या शतकात इथल्या वेस्टरवाल्ड भागात हा माणूस गावचा कारभार पाहायचा, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून याने गावातल्या लोकांची कर्जसंस्था काढली, १८६४ मध्ये हेडेसडोर्फला. त्यातली मेख अशी की संस्था गावापुरतीच ठेवायची, कारण कोण पैसे फेडतो अन् कोण दारूत घालतो हे गावाला माहीत असतं, अन् कर्ज बुडालं तर सगळ्या सभासदांची मालमत्ता पणाला. इंग्रजांनी १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा केला तो याच नमुन्यावर, आपल्या गावची सोसायटी त्याच वंशातली. म्हणजे इथेही एकेकाळी "कोनाचा होय बे तू?" विचारूनच पैसे मिळायचे की.

हे "कोणाचा" मात्र मला आता खटकते. काकाजींनी पैसे दिले ते अमक्याच्या पोरीला दिले. संत्रा तोडायला बाहेरून मजूर येतात त्यांना दुकानदार काडीची उधारी देत नाही, काही घरात तर पाणी द्यायला पेला पण वेगळा निघतो, मग तो माणूस कितीही सरळ असो. अन् अमक्याची पोरगी असण्याची किंमत पण असते, स्टँडवर कोणासोबत बोलताना दिसली तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. इथे रात्री अकराच्या ट्रामने मी एकटी येते, कोणाला पडलेली नाही. कधी ते फार बरं वाटते, कधी ताप आला की नाही वाटत. खोलीशेजारचा माणूस माझ्याशी कधी धड बोलला नाही, पण माझं पार्सल घेऊन ठेवतो अन् दारावर चिठ्ठी लावतो.

ओळखीवरचा भरवसा आमचा अन् अनोळखी माणसावरचा यांचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, पण त्यात डबा बसत नाही. अमरावतीला कॉलेजला होते तेव्हा आई सकाळच्या मुक्कामी गाडीत डबा द्यायची, ड्रायव्हरच्या मागे, कापडात बांधून, वर नाव लिहून. ड्युट्या बदलत राहायच्या, ड्रायव्हर कधी परतवाड्याचा, कधी कुठला, आईला त्याचं नाव माहीत नाही, त्याला आमचं आडनाव माहीत नाही, त्याच्या हातात एक रुपया पण नाही. स्टँडवर आम्ही आठ-दहा पोट्टेपोट्टी उभे असायचो, गाडी लागली की ड्रायव्हरच एकेक डबा खिडकीतून काढून द्यायचा, वर "भाजी सांडली वाटते बाप्पा तुह्यी" म्हणायचा. जर्मन रूममेटला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, पावती नाही, विमा नाही, निदान ट्रॅकिंग नंबर तरी असेल ना?

म्हटलं असतो की. आई फोन करून गाडीचा नंबर सांगते.