डोळ्यात की डोळ्यांत?

गेली काही वर्षे मी नेत्रविभागात परिचारिका म्हणून काम करते आणि रुग्णाला घरी सोडताना द्यायच्या कार्डावरच्या मराठी सूचना बहुतेक वेळा मीच लिहिते. मागच्या पावसाळ्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या एक आजी आठवड्याने तपासणीला आल्या, तेव्हा कळले की स्टेरॉइडचे थेंब त्यांच्या दोन्ही डोळ्यांत घातले जात होते. थेंब घालणारा नातू नववीतला. त्याने कार्ड पुढे केले आणि विचारले, “सिस्टर, इथं ‘डोळ्यांत’ लिहिलंय, म्हणजे दोन्ही ना?” अनुस्वार खरोखरच होता आणि तो माझ्याच हातचा होता.

मुलाने बरोबर वाचले होते. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा लागतो. ‘डोळ्यात’ म्हणजे एका आणि ‘डोळ्यांत’ म्हणजे एकाहून अधिक. आजींना सुदैवाने अपाय झाला नाही, पण स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यांतला दाब वाढतो, त्यामुळे निरोगी डोळ्यात ते जायलाच नको होते.

त्यानंतर मी आमच्या नोंदी निराळ्या नजरेने वाचू लागले. ‘शीर सापडत नाही’ऐवजी ‘शिर सापडत नाही’ असे लिहिलेले सर्रास आढळते. तिथे निदान संदर्भाने अर्थ लागतो. परंतु ‘दिवसातून एकदा’ आणि ‘दिवसाआड’ यांत गफलत झाली, तर औषधाची मात्राच बदलते. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘युनिट’ असा पूर्ण शब्द न लिहिता घाईत नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर काढले, तर ते शून्यासारखे दिसून ४ चे ४० होऊ शकतात. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला. आमच्याकडच्या मराठी सूचना मात्र लिहिणाऱ्याखेरीज दुसरे कोणी तपासत नाही.

एवढ्या गर्दीत ऱ्हस्व-दीर्घ कुठे बघत बसायचे, असे सहकारी म्हणतात. त्यांची दमणूक मी रोज पाहते, तरीही मला ते पटत नाही, कारण घरी गेल्यावर आजींजवळ आमच्यापैकी कोणी नसते, फक्त ते कार्ड असते. नुसत्या अनुस्वारावर भिस्त ठेवणेही योग्य नाही, कारण तो लक्षपूर्वक वाचणारे थोडे. म्हणून आता मी ‘फक्त उजव्या डोळ्यात’ असे लिहिते आणि कार्ड हाती देण्यापूर्वी ते घरच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेते.