तुम्ही विचारलंत म्हणून: जपानला राहायला जाण्याआधी काय वाचावं?

‘नोकरीसाठी जपानला निघालोय. जाण्याआधी तिथली संस्कृती समजून घ्यायची आहे, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न वारंवार येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा क्योटोची मंदिरं, चहाचा विधी, सामुराई असं काहीबाही असतं. ते सगळं वाचाच. पण त्याआधी, ज्या शहरात राहणार आहात तिथलं कचऱ्याचं वेळापत्रक वाचा.

थट्टा नाही ही. वेळापत्रक नगरपालिकेच्या संकेतस्थळावर असतं, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही. जळणारा कचरा, न जळणारा, प्लास्टिकची वेष्टनं, पेट बाटल्या, डबे, काच, कागद. प्रत्येकाचा वार ठरलेला. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळायची, चेपायची, मगच टाकायची. क्योटोत महापालिकेच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात. टोकियोच्या २३ प्रभागांत आतलं दिसेल अशी कुठलीही पिशवी चालते. बहुतेक ठिकाणी कचरा सकाळी ठेवायचा, फुकुओकात मात्र सूर्यास्तानंतर, मध्यरात्रीच्या आत. तोकुशिमा प्रांतातल्या कामिकात्सु या लहानशा गावाने तर वर्गवारी चाळीसच्या वर नेली आहे! टोकियोत एखादी बाजू साधारण ३० सेंटीमीटर किंवा जास्त असलेली वस्तू ‘मोठा कचरा’ ठरते: आधी नोंदणी करायची, शुल्काचं स्टिकर विकत आणून चिकटवायचं आणि दिलेल्या दिवशी बाहेर ठेवायची. फ्रीज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन यांचा नियम आणखी वेगळा. पुनर्वापराचा खर्च टाकणाऱ्याच्या माथी.

चुकलं तर तोंडावर कुणी बोलत नाही. पिशवीवर कारण लिहिलेलं स्टिकर लागतं आणि ती तिथेच राहते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत. रात्री उशिरा वॉशिंग मशीन लावलं तरी शेजारी बेल वाजवण्याची शक्यता कमी. तक्रार इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडे जाते आणि तिथून कागद येतो. समोरचा हसतमुख आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालणारे इथेच फसतात. चहाच्या विधीवरच्या पुस्तकांत हे सहसा सापडत नाही.

दुसरी गोष्ट, ‘जपानी लोक असं करतात’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. वीज सगळीकडे १०० व्होल्ट, पण पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. नव्या वर्षाच्या सूपमधला मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा गोळा, पूर्वेकडे बहुधा चौकोनी, पश्चिमेकडे गोल. तेव्हा देशाबद्दल वाचायच्या वेळातला निम्मा तरी आपल्या शहराला द्या.

भाषेत मराठी माणसाला थोडा फायदा आहे. जपानी अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा रांगा लागतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंनी अभ्यासलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आलेला, त्यामुळे तो पाठ करावा लागत नाही. शिवाय क्रियापद शेवटी आणि प्रत्ययासारखे शब्द नामानंतर. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिपी, प्रत्येकी ४६ मूळ चिन्हं, रोज दहाच्या वेगाने दोनेक आठवड्यांत ओळखीची होतात. रोमन लिपीतून शिकण्याचा मोह टाळा. दुकानातली पाटी आणि औषधाचं पाकीट सहसा रोमनमध्ये नसतं. कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली शब्दचिन्हं, सगळी नकोत. ढकला, ओढा, स्त्री, पुरुष, प्रवेश, निर्गम, बंद एवढी आधी पुरेत. जपान फाउंडेशन या संस्थेची ‘इरोदोरी’ ही पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात.

शाकाहारी असाल तर ‘दाशी’ समजून घ्या. सूप, रस्सा, भाज्या यांच्या मुळाशी असलेला हा अर्क बऱ्याचदा वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. ‘मांस नको’ म्हटल्यावर मासा वगळला जाईलच असं नाही, आणि दाशीला तर कुणी मासा म्हणून मोजतही नाही. ‘मांस, मासे, माशाची दाशी चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहून जवळ ठेवा. कोम्बु शेवाळ आणि शिताके मशरूमची दाशी चालते. बौद्ध मठांतलं शोजिन जेवण त्यावरच उभं आहे.

घराचा हिशेब आधीच मांडा. अनामत, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, दलाली, भाडेकरूची हमी घेणाऱ्या कंपनीचं शुल्क आणि पहिलं भाडं मिळून सुरुवातीला चार ते सहा महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सहज लागतात. घरात दिवे आणि शेगडी नसणं नेहमीचंच. इमारतीच्या बांधकाम परवान्याची तारीख विचारा: भूकंपाचे आजचे निकष जून १९८१ पासूनचे.

नेहमीची औषधं महिन्याभराच्या वर न्यायची असतील तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधी काढा. स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी तर चालतच नाही.

जायची तारीख तुमच्या हातात असेल तर मार्च टाळा. आर्थिक आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे तेव्हा सगळा देश घरं बदलत असतो. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद करायची असते, आणि ही कार्यालयं बहुतेक ठिकाणी २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात.