पंचेश्वरचा महसीर आणि ती 'सपाट वाट'

सगळ्यात आधी एक गोष्ट लिहून टाकतो, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता डोकं परत गरम होईल. पंचेश्वरला महसीर मासा गळाने धरायला जाणार असाल आणि तुम्हाला कुणी फोनवर सांगितलं की कॅम्पपासून खालच्या डोहापर्यंत "नदीच्या कडेकडेने सपाट वाट आहे, आरामात पाऊण तास", तर त्या माणसाला एवढंच विचारा की बाबा तू स्वतः शेवटचा कधी चाललास तिथून. मला हे विचारायचं सुचलं नाही. सपाट वाट म्हटल्यावर मी ट्रेकिंग सॅंडल घालून गेलो आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख अजून काळंनिळं आहे.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सरयू आणि काली या दोन नद्यांचा संगम म्हणजे पंचेश्वर. पलीकडचा काठ नेपाळ, तिकडे कालीला महाकाली म्हणतात, आणि हीच पुढे टनकपूरला शारदा होऊन बाहेर पडते. इथला मासा म्हणजे हिमालयातला सोनेरी महसीर. आपल्याकडची खडस त्याचीच बहीण, पण जात वेगळी. साइक्स नावाच्या इंग्रज साहेबाने १८३९ साली खडशीचं वर्णन लिहिलं ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून, पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर. आज त्याच जागी गळ टाकला तर काय लागेल ते मी लिहीत नाही, पुणेकरांना माहीत आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीला कुरमुरे टाकल्यावर वर येणारे मोठमोठे मासे लहानपणी बघितलेत, तिथे देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, तेव्हापासून हा मासा दोरीच्या टोकाला एकदा तरी अनुभवायचा हे डोक्यात होतं. कावेरीवर गालीबोरे-भीमेश्वरीकडे अभयारण्याच्या नियमामुळे गळ बंद होऊन बरीच वर्षं झाली, म्हणून मग उत्तरेकडे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो, मी आणि आमचा डॉक्टर (दातांचा आहे, नदीवर त्याचा उपयोग शून्य). दिल्लीहून रेल्वेने टनकपूर, तिथून जीपने चंपावतवरून लोहाघाट. काठगोदामवरून पण जाता येतं पण उगाच लांब पडतं, टनकपूरच बरं. टनकपूर ते लोहाघाट अंतर नव्वदच्या आसपास किलोमीटर, पण स्वाला नावाच्या जागी डोंगर सारखा खाली येत असतो, तिथे काय होईल सांगता येत नाही. जाताना आम्हाला वीस मिनिटं लागली. येतानाचं शेवटी सांगतो.

रॉड आम्ही प्लंबरकडून आणलेल्या पीव्हीसी पाइपात भरून नेले होते, दोन्ही टोकांना बूच. स्वस्त आणि मस्त, विमानात पण काही झालं नाही, पण जीपमध्ये प्रत्येक माणूस विचारतो यात बंदूक आहे का. एका म्हाताऱ्या बाबांनी तर चंपावतच्या वाघिणीची गोष्टच चालू केली, शिकारी जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली ती, ४३६ माणसं खाल्ल्याचं सांगतात. त्यांना समजावलं की शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे बाबा, आम्ही मासे धरतो आणि परत सोडतो. सोडतो हे ऐकल्यावर त्यांचा आमच्यातला इंटरेस्टच संपला. खाली नदीवर एसएसबीच्या (सशस्त्र सीमा बल) जवानांनीही पाइप उघडून बघितला, ओळखपत्र बघितलं, नीट बोलले. हद्दीवरची जागा आहे, आधार कार्ड खिशातच ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आता पैशांचं. आम्ही ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांचं नाव लिहीत नाही. फोनवर ठरलं होतं तीन रात्री चार दिवस माणशी २४,००० रुपये, परवाना, गाइड, राहणं, जेवण सगळं धरून. तिथे गेल्यावर कळलं की "सगळं" या शब्दाचा अर्थ तिकडे वेगळा आहे. परवाना वेगळा, तो पण रॉडमागे रोजचा. लोहाघाटवरून खाली जीपचे ४,५०० वेगळे. राफ्टने पलीकडच्या वाळूवर सोडायचे १,५०० एका फेरीला, म्हणजे नेलं तर परत आणायचे पण १,५००, आता पोहत येणार आहे का माणूस? शेवटी माणशी ९,७०० रुपये जास्तीचे गेले. परतताना त्याच रस्त्याने गावातल्या लोकांबरोबर बोलेरोत बसून माणशी २०० रुपयांत वर आलो तेव्हा मात्र खरंच दातओठ खाल्ले. तेव्हा काय करा, बुकिंगच्या आधी एकेक गोष्ट व्हॉट्सॅपवर लिहून घ्या, "सगळं धरून" चालणार नाही, आणि परवान्याची पावती तुमच्या नावाची, तुमच्या तारखांची मागा. आम्ही मागितली तेव्हा दोन तासांनी आली, त्यावर डॉक्टरचं आडनाव चुकलेलं होतं पण निदान आली. पावती नसेल तर गळ पाण्यात टाकू नका, उद्या कुणी विचारलं तर कॅम्पवाला तिथे नसणार, तुम्ही असणार.

पहिले दोन दिवस संगमावरच काढले. छान गेले. दोन-अडीच किलोचे तीन मासे मिळाले, चौमू देवाच्या देवळातल्या घंटा बघून आलो, भटाची चुडकानी (काळ्या सोयाबीनचं तिकडचं कालवण) आणि भात खाल्ला. पुढे जाऊ.

तिसऱ्या दिवशी दाज्यू (आमचा गाइड, तिकडे मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, पन्नाशीचा काटक माणूस, त्याच्यावर माझा राग नाही, पाऊण तासवाला तो नव्हे) म्हणाला की खालच्या डोहात मोठा मासा आहे. पहाटे साडेपाचला निघालो. माझ्या घड्याळाप्रमाणे एकूण अंतर ३.२ किलोमीटर आणि लागलेला वेळ दोन तास चाळीस मिनिटं. यात आमचा फिटनेस खराब होता असं समजू नका, आम्ही दोघंही वर्षाला आठ-दहा ट्रेक करणारी माणसं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली असेल तर ती आडवी झोपवा, तिच्यावर बारीक वाळूची पूड भुरभुरा, डाव्या हाताला जोरात वाहणारी नदी ठेवा आणि हातात दहा फुटी रॉड द्या, की झाली पंचेश्वरची सपाट वाट. धोंडे फ्रिजएवढे, काही जीपएवढे, मधे फटी. पाय ठेवला की धोंडा डुलतो. आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात एक पक्का मुरमाड घसारा, साधारण साठ-सत्तर पावलांचा ट्रॅव्हर्स (उतारावरून आडवं जाणं), खाली सरळ पाणी. दाज्यू रबरी स्लिपरवर तो चालत गेला, मागे वळून म्हणाला, "बस साहब, उस मोड़ के बाद ही है." ते वळण झाल्यावर पण तेच म्हणाला. पाचव्यांदा म्हणाला तेव्हा डॉक्टरने त्याला मराठीत शिवी दिली, त्याला वाटलं धन्यवाद दिले.

त्यात उन्हाचा विचार आम्ही केलाच नव्हता. हिमालय म्हणून फ्लीस जॅकेट नेली होती. लोहाघाट साडेसतराशे मीटरच्या आसपास, तिथे रात्री थंडी असते हे खरं, पण नदी साडेचारशे मीटरवर, आणि दहा वाजल्यानंतर ते धोंडे तव्यासारखे तापतात. बारीक काळ्या माशा घोट्याला चावतात, चावलेलं आठवडाभर खाजतं. फुल पॅंट, फुल बाह्या, आणि घोट्याच्या वर येणारे ग्रिपवाले बूट. सॅंडल अजिबात नाही. अजिबात.

पण डोह. आता काय सांगू. काली बर्फाच्या पाण्याची नदी, एप्रिलमध्ये वर बर्फ वितळायला लागलं की ती राखाडी होते, दुधात राख कालवल्यासारखी. डोहाच्या वरच्या टोकाला उजवीकडून एक छोटा गधेरा (ओढा) येऊन पडतो, त्याचं पाणी काचेसारखं. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाही, पंधरा-वीस फूट लांब स्वच्छ पाण्याची एक जीभ नदीत शिरलेली दिसते आणि तिची कड अगदी रेघ मारल्यासारखी. बारीक मासे त्या स्वच्छ पाण्यात खेळतात आणि महसीर गढूळ पाण्यात, कडेला दबा धरून असतो. दाज्यूने बोटाने फक्त ती रेघ दाखवली. स्वच्छ पाण्यात टाकू नको, गढुळात टाक आणि कडेने ओढत आण.

सातवा की आठवा कास्ट असेल. स्पून (चमच्यासारखं धातूचं नकली आमिष) रेघेवरून आत येत होता आणि नुसतं जड झालं. झटका नाही, काही नाही, मला वाटलं धोंड्यात अडकला. आणि मग तो धोंडा नदीच्या मधोमध चालायला लागला. रीलचा ड्रॅग (दोरीला धरून ठेवणारा ब्रेक) असा किंचाळायला लागला की पलीकडे नेपाळच्या काठावर कपडे धुणारी बाई उभी राहून बघायला लागली. सव्वाशे मीटर तरी दोरी गेली पहिल्या धावेत. पहिली धाव थांबवायचा प्रयत्न करायचाच नसतो, डॉक्टरने दुसऱ्या दिवशी केला आणि त्याची लाइन धोंड्यावर घासून पटकन तुटली. माझा मासा पंचवीस मिनिटांनी काठाला आला. ९४ सेंटीमीटर. वजन केलं नाही, जबड्यात वजनकाटा अडकवून एवढा मासा लटकवणं मला पटत नाही. दाज्यू म्हणतो १५ किलो, डॉक्टर म्हणतो १२, मी म्हणतो नऊ-दहा. खवले माझ्या अंगठ्याएवढे, पाठीला हिरवट तांबूस आणि बाजूला सोनं, आणि पर पिवळे नाहीत, केशरी. तोंड पाण्याच्या धारेकडे करून दोन्ही हातांवर धरून ठेवला, तीन-चार मिनिटांनी शेपटीचा एक फटका मारला, माझं तोंड भिजवलं आणि गेला. मी वाळूत बसून राहिलो. त्या क्षणी कुणी अजून ९,७०० मागितले असते तर दिले असते.

सामानाचं सांगतो. ८ ते १० फुटी रॉड, ८००० साइझचा रील, ५० पौंडी ब्रेडेड लाइन किमान ३०० मीटर, पुढे ६० पौंडी लीडर (गळाच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा). लीडर दर तासाला बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागला की कापून नवीन बांधा. स्पूनबरोबर आलेले तिकाटी गळ काढून जाड एकेरी गळ लावा आणि त्याच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. महसीरला जबड्यात दात नसतात, दात घशात असतात, पण चावा असा की माझ्या एका स्पूनचा तिकाटी गळ चपटा होऊन परत आला, तो मी घरी शोकेसमध्ये ठेवलाय. आणि मासा सोडायचाच. धोक्यात आलेली जात आहे, तव्यावर टाकायची हौस असेल तर मालवणला जा, सुरमई खा.

आता परतीची गंमत. दुपारी डोहावरच सावलीत झोपलो, संध्याकाळी पुन्हा गळ टाकला, साडेपाचला निघालो. सकाळी ज्या धोंड्यांवरून आलो त्यातले खालचे धोंडे पाण्याखाली. वरचं दिवसभराचं वितळलेलं बर्फ संध्याकाळपर्यंत खाली पोचतं की वरच्या वीजघरातून पाणी सोडतात, कारण काही असो, पाणी दीड-दोन फूट वर आलेलं होतं. मग वरून, काटेरी झुडपांतून, आणि तो घसारा अंधारात हेडलॅंपच्या उजेडात. मी तो बसून पार केला, अक्षरशः बुडाने, पाइप गळ्यात अडकवून, आणि याची मला काही लाज वाटत नाही. कॅम्पवर पोचलो तेव्हा घड्याळात सव्वानऊ. कॅम्पच्या मॅनेजरने विचारलं, "कैसा रहा, आराम से?" डॉक्टरने मला धरून ठेवलं.

तेव्हा माझं स्पष्ट मत. खालच्या डोहाला जायचं तर मुक्कामाची तयारी करून जा, वाळूवर झोपा पण पाण्यापासून लांब आणि उंच, आणि परत सकाळी निघा. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. गुडघ्याचा त्रास असेल तर जाऊच नका, संगमावर बसा. मार्च ते एप्रिलचा पहिला आठवडा चांगला, मे मध्ये काली एवढी गढूळ होते की स्पून मलाच दिसणार नाही तर माशाला काय दिसणार, पावसाळा बाद, नंतर पाणी निवळल्यावर ऑक्टोबर. जायचं तर फार लांबवू नका, १९९६ च्या भारत-नेपाळ कराराने इथे धरण ठरलेलं आहे, उंची तीनशे मीटरच्या वर, अजून झालेलं नाही, पण झालं तर हा संगम आणि ती रेघ सगळं पाण्याखाली.

फोनचं एक राहिलं. तिथे नेपाळचा टॉवर पकडतो. घड्याळ आपोआप पंधरा मिनिटं पुढे जातं, म्हणून आम्ही रोज पाव तास आधी उठत होतो आणि कळलं चौथ्या दिवशी. रोमिंग बंद ठेवा. माझं चालू होतं, बिल १,८४० रुपये आलं, त्यात एकही फोन मी केलेला नव्हता.

आणि येताना स्वाला. पाच तास. समोर जेसीबी एक धोंडा ढकलतोय, वरून दुसरा येतोय, आणि मागे दोन किलोमीटर गाड्या. टनकपूरची गाडी चुकली, पुढे दिल्लीचं विमान चुकलं, रात्रीच्या बसने गेलो आणि कंडक्टरने पीव्हीसी पाइपाचं अर्धं तिकीट लावलं. आधी विचारलं मात्र, यात बंदूक आहे का.