तुम्ही विचारलंत म्हणून: ‘द हेल्प’मधला संडास खरा की रचलेला?

‘द हेल्प’ वाचून झाली की पहिला प्रश्न हमखास संडासाचा येतो. कॅथरिन स्टॉकेट यांची ही कादंबरी २००९ची, त्यातला काळ १९६२ ते ६४चा, गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन. हिली नावाची बाई गोऱ्यांच्या प्रत्येक घरात काळ्या मोलकरणीसाठी वेगळा संडास सक्तीचा करणारं विधेयक घेऊन फिरते, आणि एबिलीन या काळ्या मोलकरणीसाठी गाडी लावायच्या जागेत तसा एक बांधलाही जातो. असा कायदा खरंच होता का?

विधेयक रचलेलं आहे. कायद्याने शाळा, दवाखाने, बसमधल्या जागा वेगळ्या केल्या होत्या. घरात कायद्याची गरजच नव्हती. मागचं दार, वेगळा पेला, स्वयंपाकघरातलं जेवण, हे सगळं रिवाजानेच चालायचं.

मोलकरणींच्या मुलाखती घेऊन पुस्तक लिहिणाऱ्या स्कीटर या गोऱ्या मुलीला लायब्ररीत सापडणाऱ्या पुस्तिकेतले नियम मात्र खऱ्या कायद्यांवरून संक्षेप करून घेतले आहेत. त्यातलं एक कलम सावकाश वाचा. गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक समतेच्या बाजूने काही छापलं किंवा वाटलं, अगदी टाइप केलेला कागद का असेना, तर मिसिसिपीत ५०० डॉलरपर्यंत दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे डोक्यात नसेल तर एबिलीनच्या स्वयंपाकघरातल्या त्या लपूनछपून होणाऱ्या मुलाखती उगीच नाटकी वाटतात. त्यात १२ जून १९६३च्या मध्यरात्रीनंतर जॅक्सनमध्येच काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. तो खून कादंबरीतही आहे, आणि तो खराच आहे.

किरकोळ घोळही आहेत. बॉब डिलनचं १९६४चं गाणं १९६३तच वाजतं, ‘शेक अँड बेक’ हे १९६५ला बाजारात आलेलं, कोंबडीला लावायच्या मसाल्याचं पाकीट आधीच स्वयंपाकघरात पोचतं. दोन्हींची कबुली लेखिकेनेच दिली आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तर पगारावर. संडास सगळ्यांच्या लक्षात राहतो, एबिलीनचा हिशोब कुणाच्याच नाही. आठवड्याचे ६ दिवस, सकाळी ८ ते दुपारी ४, आणि दर शुक्रवारी हातात ४३ डॉलर. म्हणजे ४८ तासांचे ४३, तासाला साधारण ९० सेंट. त्या वेळी देशातलं किमान वेतन तासाला १ डॉलर १५ सेंट होतं, त्या दराने ५५ डॉलर २० सेंट झाले असते. पण १९३८च्या किमान वेतन कायद्यात घरकामगार धरलेच नव्हते, ते आले १९७४ला. सामाजिक सुरक्षेच्या १९३५च्या कायद्यानेही त्यांना बाहेर ठेवलं होतं, तिथला बदल १९५०चा. हिली उद्या सुधारली असती तरी एबिलीनच्या शुक्रवारच्या पाकिटात एक सेंट वाढला नसता.

कादंबरी इथेच घसरते, असं माझं मत. बायका बोलत्या होतात त्या गोऱ्या मुलीच्या टाइपरायटरसमोर. प्रत्यक्षात मोलकरणी सात वर्षं आधीच कामाला लागल्या होत्या. शेजारच्या अलाबामातल्या माँटगोमेरीत बसमधल्या वेगळ्या जागांविरुद्ध ३८१ दिवस बसवर बहिष्कार चालला, तो पायी कामावर जाणाऱ्या मोलकरणींच्या जिवावर. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण. त्यांनी बायकांना जमवून कोंबडीचे सँडविच, केक आणि ‘पाय’ (pie) हा भाजलेला गोड पदार्थ विकला आणि पैसे आंदोलनाला दिले. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलंच तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर खोटं ठरू नये म्हणून! आणि १९६८ला अटलांटात डोरोथी बोल्डेन यांनी घरकामगारांची संघटना उभी केली, तिची सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नाव नोंदवणं सक्तीचं.

जोडीला काय वाचायचं, हेही विचारता. ॲलिस चिल्ड्रेस यांचं ‘लाइक वन ऑफ द फॅमिली’, १९५६चं. मिल्ड्रेड नावाची मोलकरीण मैत्रिणीला दिवसभराचं सांगत बसते, बस, एवढंच. पहिल्याच प्रकरणात मालकीण पाहुणीला कौतुकाने सांगते की ही आमच्या घरातलीच. (पुण्या-मुंबईत हेच वाक्य, याच सुरात, वेगळ्या कपातून चहा देताना ऐकू येतं.) पाहुणी गेल्यावर मिल्ड्रेड मालकिणीला समोर बसवते आणि मोजून दाखवते: घरातले जेवतात जेवणाच्या खोलीत, मी जेवते स्वयंपाकघरात; तुमचं कुत्र्याचं पिल्लूसुद्धा तुमच्या साटीनच्या पलंगपोसावर झोपतं.