फुलातला लाल ठिपका

मी मुलांसाठी रहस्यकथा लिहिते. शाळांमध्ये गोष्ट सांगायला गेले की पालकांपैकी कुणीतरी हमखास विचारते, "मोठ्यांना जे सापडत नाही ते सातवीतल्या पोरांना कसे सापडते? हे पटण्यासारखे आहे का?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगते, कारण या प्रश्नाचे उत्तर मला सातवीतच मिळाले होते.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात होती. वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले पुष्कळ, शिवाय कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचा सत्कार अर्थातच सोलापुरी चादर देऊन व्हायचा. त्या वर्षी आणलेल्या 12 चादरींपैकी 6 पाहुण्यांना दिल्या आणि दुसऱ्या दिवशी कपाटात 5 च निघाल्या. त्याच आठवड्यात आमच्या वर्गातला एक मुलगा घराच्या ओट्यावर नवी कोरी चादर पांघरून बसलेला कुणाला तरी दिसला. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घरात ओढाताण. मग नवी चादर आली कुठून, असे सर्वांनी आपापसांत विचारले, त्याला मात्र कुणी विचारले नाही. त्याला चादर घेऊन कार्यालयात बोलावले गेले. रंग तोच, नक्षी तीच. मामाने दिली, असे तो सांगत राहिला. चादर कार्यालयातच राहिली, आणि तो वर्गात परतला तेव्हा त्याच्या बाकावरचा सोबती दप्तर उचलून मागे जाऊन बसला. ते दप्तर उचलणे मला आजही दिसते.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचे वडील यंत्रमागावर चादरी विणत. संमेलनाच्या आदल्या दिवशी चादरींच्या घड्या तिनेच घातल्या होत्या. ती म्हणाली, "शाळेच्या चादरींत खोट आहे. त्याच्या चादरीत आहे का, ते बघू या."

चादरीवरची नक्षी जकार्ड नावाच्या, मागावर बसवलेल्या यंत्रणेने उठते. फ्रान्समधल्या लियोंच्या जकार्डने 1804 च्या सुमारास ही युक्ती पक्की केली: भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ मागावर फिरते, आणि प्रत्येक पुठ्ठ्यावरची भोके ताण्याचे, म्हणजे उभे, कोणते धागे वर उचलायचे ते ठरवतात. माळ पुरी फिरली की नक्षी पहिल्यापासून सुरू होते. म्हणून एखाद्या पुठ्ठ्यात एक भोक जास्तीचे फाटले, तर नको तो धागा उचलला जातो, आणि तीच चूक प्रत्येक नक्षीत त्याच जागी उमटते. हे तिला कुणी शिकवले नव्हते. जेवणाचा डबा घेऊन ती रोज कारखान्यात जात असे.

बाईंनी आम्हाला दहा मिनिटे दिली. कपाटातली एक चादर जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर बसली आणि फुलांवरून बोट फिरवू लागली. पांढऱ्या फुलाच्या डाव्या पाकळीत तांदळाएवढा लाल ठिपका होता. पहिल्या फुलात होता, दुसऱ्यात होता, शेवटच्या फुलापर्यंत होता. चादर उलटली तर त्याच जागी लाल पाकळीत पांढरा ठिपका, कारण सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजूंना रंगांची अदलाबदल असते. उरलेल्या चारही चादरींत तेच. मग त्या मुलाची चादर पसरली. तिच्या एकाही फुलात ठिपका नव्हता. ती त्या मागावरची नव्हतीच. बारावी चादर दुसऱ्या एका मित्रामुळे सापडली. त्याचे काका भजनी मंडळात पेटी वाजवत. भाड्याची पेटी धूळ लागू नये म्हणून नेहमी गुंडाळून परत पाठवतात हे त्याला ठाऊक होते. संमेलनासाठी आणलेली पेटीही गडबडीत एका चादरीत गुंडाळून परत गेली होती, आणि त्या चादरीवर ठिपका होता.

तेव्हा पटण्याचा प्रश्न वयाचा नाही, सुगाव्याचा आहे. तस्करांच्या टोळ्या आणि भुयारे मला माझ्या कथांत नको असतात, कारण तिथे मुलांना लेखकाने ढकलत न्यावे लागते. मुलांना कुणाची झडती घेता येत नाही, कुणाला दरडावून विचारता येत नाही. त्यांच्याजवळ असते ते घरात आणि गल्लीत रोज पाहिलेले. मोठ्या माणसांनीही त्या चादरी हाताळल्या होत्या, परंतु त्यांनी आधी मुलगा पाहिला आणि मग चादर. म्हणून नवी कथा लिहायला घेताना मी चोरापासून सुरुवात करत नाही. कोणत्या मुलाच्या घरी कोणते काम चालते, ते आधी ठरवते, आणि तो ठिपका वाचणाऱ्या मुलालाही वेळेवर दिसेल अशा जागी ठेवते.

बाईंनी चादर घडी घालून त्याच्या हातात दिली. तो लगेच निघाला नाही. त्याने ती पुन्हा उलगडली आणि मैत्रिणीला विचारले, "ठिपका असता तर नेमका कुठे असता?" तिने जागा दाखवली. मग तो एकेका फुलाची डावी पाकळी स्वतः तपासत गेला, आणि सगळी फुले होईपर्यंत आम्ही चादरीची टोके धरून उभे राहिलो.