दाढेचा सीबीसीटी काढला त्याची गोष्ट

वरच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनॉल होऊन काही वर्षं झाली होती, वर कॅपही होती. तरी चावताना ठणका लागायचा, आणि सर्दी नेहमी डाव्याच नाकपुडीला. साध्या एक्स-रेत धड कळेना, कारण वरच्या दाढांची मुळं आणि सायनसची (गालाच्या हाडातली, नाकाला जोडलेली) पोकळी त्यात एकमेकांवर चढतात. दातांच्या डॉक्टर मॅडमनी सीबीसीटी, म्हणजे थ्रीडी स्कॅन सांगितला.

म्हटलं, काढतोच आहोत तर सगळ्या दातांचा काढू, कुठे कुठे कीड आहे तेही कळेल. "किडीसाठी हा काढत नाहीत हो," मॅडम म्हणाल्या. दोन दातांच्या फटीतली कीड बाइटविंग, म्हणजे दातांत पट्टी चावून धरून काढतात त्या छोट्या एक्स-रेत चांगली दिसते आणि त्याला रेडिएशनही कितीतरी कमी लागतं. म्हणून स्कॅन फक्त त्या दाढेपुरता.

स्कॅन सेंटरमध्ये चष्मा, कानातलं, गळ्यातलं सगळं उतरवलं. हनुवटी टेकवायची, प्लास्टिकची दांडी दातांत धरायची आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत गिळायचंसुद्धा नाही. अर्धा मिनिटही लागत नाही, पण गिळू नका म्हटलं की नेमकी तेव्हाच तोंडभर लाळ सुटते! हललात तर चित्र धूसर होतं.

स्क्रीनवर दाढेचे पातळ पातळ काप दिसत होते. कॅपला लागून काळे पट्टे बघून माझ्या पोटात गोळा आला. ती कीड नव्हती, धातूमुळे पडलेल्या सावल्या होत्या. हुबेहूब किडीसारख्या दिसतात, त्यामुळे कॅप किंवा चांदी भरलेल्या दाताशेजारी या चित्रावरून कीड ठरवणं धोक्याचं. खरा चोर मुळात होता. गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरा बारीक कॅनॉल, म्हणजे मुळातली नळी, होता आणि तो भरायचा राहिला होता. निम्म्याहून जास्त लोकांच्या या दाढेत तो असतो, पण सहज सापडत नाही. मुळाच्या टोकाशी हाड झिजलं होतं आणि वर सायनसचं अस्तर सुजलं होतं. डाव्या नाकपुडीचं कोडं तिथे सुटलं.

मायक्रोस्कोपखाली रूट कॅनॉल पुन्हा केलं. नंतरच्या बाइटविंगमध्ये शेजारच्या दाताला खरोखरची कीड निघाली, ती लगेच भरून घेतली.

स्कॅन काढणार असाल तर छापील फिल्मवर समाधान मानू नका. सीडी किंवा पेन ड्राइव्हवर मूळ डेटा मागून घ्या. डॉक्टरांना काप पुढेमागे सरकवून बघता येतात ते त्यातच.