फुग्यातल्या कपच्या

दोरा हातातून सुटला की थेट छताला जाऊन टेकणाऱ्या फुग्यात हेलियम असतो, एवढं आपल्याला ठाऊक असतं. फुग्यात तो टाकीतून आला आणि टाकीत बहुतेक वेळा जमिनीखालच्या नैसर्गिक वायूबरोबर वर आला. पण जमिनीखाली तरी तो कुठून आला? याचं उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जरा अतिशयोक्त वाटलं होतं. हा वायू म्हणजे फुटलेल्या अणुकेंद्रांच्या कपच्या आहेत. इतका हलका वायू वातावरणात टिकत नाही, हळूहळू अवकाशात निसटून जातो. आपल्या हाती लागतो तो जवळपास सगळा हेलियम युरेनियम आणि थोरियम यांनी खडकांच्या पोटात एकेक कण करून टाकून दिलेला आहे.

टाकून का देतात? युरेनियम-२३८ च्या केंद्रात ९२ प्रोटॉन आणि १४६ न्यूट्रॉन असतात; नावातला २३८ हा आकडा म्हणजे त्यांची बेरीज. सगळे प्रोटॉन धनभारित, त्यामुळे प्रत्येक जण उरलेल्या ९१ जणांना ढकलत असतो. त्यांना एकत्र बांधणारं बल फार जबरदस्त असतं खरं, पण त्याचा हात आखूड. शेजारच्या कणापलीकडे ते पोचतच नाही. केंद्र जसं मोठं होत जातं तशी ढकलाढकली वाढत जाते आणि बांधणारं बल कमी पडू लागतं. अशा वेळी बाहेर पडते ती दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची चौकडी. हे चौघे आपापसांत विलक्षण घट्ट बांधलेले असतात. हाच आल्फा कण. सेकंदाला सुमारे चौदा हजार किलोमीटर वेगाने तो निघतो, पण खडकात मिलिमीटरचे काही शतांश एवढंच अंतर जाऊन थांबतो, आसपासचे दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि हेलियमचा अणू होतो.

हे नुसत्या तर्कावर सोडलेलं नाही. १९०८ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड आणि रॉईड्स या शास्त्रज्ञांनी आल्फा कण सोडणारा रेडॉन वायू अतिशय पातळ काचेच्या नळीत कोंडला. काच एवढी पातळ, की आल्फा कण आरपार जावेत, पण वायू आत राहावा. बाहेरच्या निर्वात नळीत काही दिवसांनी विजेची ठिणगी पाडली, तर वर्णपटात हेलियमची पिवळी रेषा उमटली. मग आतल्या नळीत रेडॉनऐवजी साधा हेलियम भरून पाहिला. तो बाहेर आला नाही. एवढ्या साध्या उलटतपासणीने शंकेला जागाच उरली नाही. माझ्या मते भौतिकशास्त्रातल्या देखण्या प्रयोगांपैकी हा एक.

मागे उरलेल्या केंद्राचं काय झालं, हे त्याहून मजेदार आहे. अणूची ओळख ठरते प्रोटॉनच्या संख्येवरून. ९२ मधले दोन गेले, ९० राहिले, म्हणजे युरेनियम संपलं आणि थोरियम झालं. धातू तापवला, ठोकला, आम्लात विरघळवला तरी जे होत नाही ते इथे आपोआप झालं. पण हे थोरियम-२३४ स्वस्थ बसत नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे असलेल्या अणूंपैकी निम्मे फुटायला लागणारा काळ, जेमतेम २४ दिवसांचं. आता न्यूट्रॉन जरुरीपेक्षा जास्त झालेले असतात, म्हणून त्यातला एक चक्क प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन वेगाने बाहेर पडतो. हा बीटा क्षय. गंमत अशी, की तो इलेक्ट्रॉन आधी केंद्रात नव्हताच. त्या क्षणी जन्मतो आणि त्याच क्षणी निघून जातो. त्याच्याबरोबर अँटिन्यूट्रिनो नावाचा कणही निघतो, पण तो कुणाला न भेटता जातो, म्हणून सहसा त्याचं नाव निघत नाही.

एक प्रोटॉन वाढला, थोरियमचं प्रोटॅक्टिनियम झालं. पुन्हा एक वाढला आणि काय, तर फिरून युरेनियमच! फक्त आता २३८ नाही, २३४. एवढा खटाटोप करून स्वारी मूळ नावावर परत, चौघांना वाटेत सोडून. पुढची उतरण लांबलचक आहे. मध्येच रेडियम, मग रेडॉन. घन खडकाच्या आत एकाएकी वायू तयार होतो आणि भेगांमधून वर झिरपतो. मग पोलोनियम, बिस्मथ, शिसं अशी बरीच ये-जा करत शेवटी शिसं-२०६. तिथे हे थांबतं. आल्फा आठ वेळा, बीटा सहा वेळा: ९२ मधून १६ गेले, ६ आले, ८२ उरले. म्हणजे युरेनियमच्या एका अणूमागे हेलियमचे आठ.

आणि घाई मुळीच नाही. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४.५ अब्ज वर्षं, जवळपास पृथ्वीच्या वयाइतकं. पृथ्वी घडताना होतं त्यातलं निम्मं अजून शिल्लक आहे. त्यातला कोणता अणू आज फुटेल हे सांगता येत नाही, कारण अणुकेंद्राला म्हातारपण नसतं. अब्जावधी वर्षं तगलेलं केंद्र झिजत नाही, थकत नाही. पुढच्या मिनिटात फुटण्याची त्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच आज आहे.

याच साखळीतल्या पोलोनियम-२१४ चं अर्धायुष्य मात्र सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या दीडपटीला जरासं वर. तिथूनही आल्फाच निघतो, फक्त त्याच्याजवळ ऊर्जा थोडी जास्त असते. १९२८ मध्ये गॅमोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने या तफावतीचा हिशेब लावून दाखवला: कणाला केंद्राभोवतीची भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, तरी पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) नियमांनुसार तो क्वचित तिच्या आरपार सापडतो, आणि ऊर्जा जरा वाढली की हे ‘क्वचित’ भराभर बदलतं. युरेनियमच्या आल्फापेक्षा पोलोनियमच्या आल्फाची ऊर्जा दुपटीलाही पोचत नाही. अर्धायुष्यातला फरक मात्र जवळपास एकावर एकवीस शून्यांचा आहे.